दिवस मोठे झाले तरी अंगात त्राण का नाही? वसंतातल्या थकव्याबद्दल सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: थंडी ओसरली, दिवस मोठे झाले, तरी सकाळी उठवत नाही, दुपारी पेंग येते, कामात लक्ष लागत नाही. हा ऋतूचा परिणाम आहे का? आणि गोळ्या न घेता, रोजच्या सवयी सुधारून तो जातो का?

बहुतेकांचा जातो, तोही दोन ते चार आठवड्यांत. मात्र ‘वसंतातला थकवा’ नावाचा स्वतंत्र आजार वैद्यकशास्त्रात नाही. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी लोकांच्या एका गटाला वर्षभर ठरावीक अंतराने थकव्याबद्दल विचारले. त्यांतल्या जवळपास निम्म्यांचे म्हणणे होते की आपल्याला वसंतात थकवा येतो. प्रत्यक्ष नोंदींत मात्र वसंतातले महिने इतरांपेक्षा वेगळे निघाले नाहीत. म्हणून तुमचा थकवा खोटा ठरत नाही. पण सगळे खापर ऋतूवर फोडून आपण स्वस्थ बसलो, तर खरे कारण तसेच राहते. या दिवसांत चार-पाच गोष्टी एकदम बदलतात: उजेडाची वेळ, तापमान, हवेतले परागकण, आपली हालचाल आणि झोपेची वेळ. यांपैकी तुम्हाला कोणती बाधते आहे हे ओळखले की उपाय सोपा होतो.

सुरुवात एका साध्या फरकापासून करा. तुम्हाला झोप येते आहे की शक्ती नाही? वाचताना, गाडीत मागे बसल्यावर, जेवणानंतर शांत बसल्यावर आपोआप डोळे मिटत असतील तर झोप कमी पडते आहे, चुकीच्या वेळी होते आहे किंवा रात्रीत वारंवार मोडते आहे. याउलट आडवे पडूनही डोळा लागत नाही, पण जिना चढताना पाय भरून येतात, हातातले काम उरकत नाही, असे असेल तर रक्त, थायरॉईड, रक्तदाब, मन आणि चालू असलेली औषधे यांच्याकडे पाहावे लागते. झोपाळूपणा मोजायला एपवर्थ प्रश्नावली वापरतात. रोजचे आठ प्रसंग, प्रत्येकात डोळा लागण्याची शक्यता किती याला ० ते ३ गुण, एकूण २४. बेरीज १० च्या वर गेली तर झोपाळूपणा नेहमीपेक्षा जास्त समजतात. सोबत मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे किंवा सकाळी डोके दुखणे असेल तर उजेड आणि व्यायामाच्या मागे न लागता आधी झोपेत श्वास थांबण्याच्या विकाराची तपासणी करून घ्या. तो विकार सवयींनी झाकला जात नाही.

आता उजेड. माझ्या मते पहिले दोन आठवडे लक्ष द्यायचे ते इथेच. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात तिथे लगेच वर, सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका असतो. तो शरीराचे घड्याळ चालवतो. हे घड्याळ बहुतेक माणसांत २४ तासांपेक्षा थोडे लांब चालते, त्यामुळे ते रोज पुन्हा जुळवावे लागते. हे काम डोळ्याच्या पडद्यातल्या विशेष पेशी करतात. त्या ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर उजेडाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. सकाळचा उजेड घड्याळ पुढे आणतो, म्हणजे रात्री झोप लवकर येते. संध्याकाळचा आणि रात्रीचा उजेड ते मागे ढकलतो.

वसंतात नेमकी इथे गडबड होते. संध्याकाळ लांबते, माणूस उशिरापर्यंत बाहेर किंवा उजेडात राहतो, झोपायला अर्धा तास उशीर होतो. उठण्याचा गजर मात्र तोच असतो. रोजचा अर्धा तास म्हणजे आठवड्याला साडेतीन तासांची तूट, आणि ती लक्षातही येत नाही. त्यात हिवाळ्यातली झोप थोडी वेगळी असते. बर्लिनमधल्या एका झोप-केंद्रातल्या रुग्णांच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदींत स्वप्नावस्थेची झोप हिवाळ्यात उन्हाळ्यापेक्षा सुमारे ३० मिनिटे जास्त होती. बदल किती वेगाने होतो हे तुम्ही कुठे राहता यावर ठरते. ५० अंश अक्षांशावर मार्चमधल्या विषुवदिनाच्या आसपास दिवस रोज जवळपास चार मिनिटांनी वाढतो (दक्षिण गोलार्धात हेच सप्टेंबरमध्ये होते). विषुववृत्ताजवळ हा फरक नसल्यातच जमा. म्हणून तिथल्यांनी उजेडाआधी उष्णता आणि अ‍ॅलर्जी तपासावी.

करायचे काय? उठल्यापासून तासाभराच्या आत २० ते ३० मिनिटे घराबाहेर. आकाश ढगाळ असेल तर ४० ते ४५ मिनिटे. काळा चष्मा नको, सूर्याकडे थेट पाहायचे नाही, टोपी घातली तरी चालेल. ‘मी खिडकीशी बसतो’ हे पुरत नाही, कारण दिवे लावलेल्या खोलीत साधारण १०० ते ५०० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेड असतो, तर बाहेर ढगाळ दिवशीही काही हजार लक्स आणि निरभ्र दिवशी सावलीतसुद्धा १०,००० च्या पुढे. खिडकीपासून दोन-तीन पावले आत आलात की उजेड झपाट्याने घटतो, फक्त डोळे त्याला सरावतात म्हणून कळत नाही. सकाळी बाहेर पडणे शक्यच नसेल तर १०,००० लक्सचा उपचार-दिवा उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर ठेवून ३० मिनिटे वापरता येतो. डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल, उजेडाने त्वचेवर परिणाम होणारी औषधे चालू असतील किंवा कधी उन्मादाचा (झोप न लागता मन अतिउत्तेजित होण्याचा) झटका येऊन गेला असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो वापरू नका. तेजस्वी उजेडाने उन्माद उसळू शकतो.

रात्री याच्या उलट. झोपण्याआधी दीड-दोन तास छतावरचे पांढरे दिवे बंद, खालच्या उंचीवरचा पिवळसर मंद दिवा चालू. फोनचा रंग पिवळा करून तोच फोन तासभर पाहत बसण्याचा उपयोग थोडा, कारण जागे ठेवते ते त्यातले वाचन आणि पाहणेही.

झोपेची वेळ दुरुस्त करताना बहुतेक लोक चुकीच्या टोकाला धरतात. ते लवकर झोपायचे ठरवतात, झोप येत नाही, तासभर कूस बदलत राहतात आणि अंथरुणाचीच धास्ती बसते. आधी उठण्याची वेळ पक्की करा, सुट्टीच्या दिवशीही तीच, फार तर पाऊण-एक तासाची सवलत. झोपण्याची वेळ दर दोन-तीन दिवसांनी १५ मिनिटे अलीकडे आणा. प्रौढ माणसाला किमान ७ तास झोप लागते, पण थकवा आहे म्हणून १० तास अंथरुणात लोळू नका, त्याने झोप पातळ होते आणि मधूनमधून तुटते. उठल्यावर पहिली १५ ते ३० मिनिटे डोके जड राहणे स्वाभाविक आहे. त्या अवस्थेत ‘आजचा दिवस गेला’ असा निष्कर्ष काढू नका. दुपारची डुलकी १० ते २० मिनिटांची, तीनच्या आत, गजर लावून. तासभर झोपलात तर गाढ झोपेतून मध्येच उठावे लागते आणि उठल्यावर आधीपेक्षा वाईट वाटते.

ज्या देशांत वसंतात घड्याळे एक तास पुढे करतात (युरोपीय संघात मार्चचा शेवटचा रविवार, अमेरिकेच्या बहुतेक भागांत मार्चचा दुसरा रविवार), तिथे चार दिवस आधीपासून रोज १५ मिनिटे लवकर झोपा, लवकर उठा आणि जेवणही तेवढेच अलीकडे घ्या. बदलानंतरच्या सोमवारी लांबचे वाहन चालवणे टाळता आले तर उत्तम.

शयनकक्षाकडे या दिवसांत कोणी पाहत नाही, पण थकव्याचे एक साधे कारण तिथे असते. झोप लागण्यासाठी शरीराचे आतले तापमान थोडे खाली यावे लागते. बाहेर हवा उबदार झाली, पांघरूण मात्र थंडीतलेच जाड. मग पहाटे घाम येऊन जाग येते. त्यात सूर्य लवकर उगवतो आणि पडद्यातून येणारा उजेड पहाटेची झोप तोडतो. पांघरुणाचे दोन पातळ थर करा म्हणजे एक बाजूला सारता येतो. पडदे जाड लावा किंवा डोळ्यांवर पट्टी घ्या, पण गजर झाल्याबरोबर पडदे उघडा. उजेड झोपेत नको आणि उठल्यावर भरपूर हवा, हे दोन्ही एकाच वेळी पाळायचे आहे.

कॉफी आणि चहाने थकवा जात नाही, तो काही तास जाणवत नाही एवढेच. दिवसभरात मेंदूत साठत जाणारे अ‍ॅडेनोसिन झोप आणते. कॅफिन त्याची जागा अडवून बसते, अ‍ॅडेनोसिन मात्र साठत राहते. कॅफिनचे शरीरातले प्रमाण निम्मे व्हायला साधारण पाच-सहा तास लागतात. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत जवळपास दुप्पट वेळ लागतो. एका प्रयोगात झोपण्याच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननेसुद्धा झोप तासाभराहून जास्त घटली होती. म्हणून शेवटचा कप झोपण्याच्या किमान आठ तास आधी. निरोगी प्रौढासाठी दिवसाची मर्यादा ४०० मिलिग्रॅम, गरोदरपणात २००. कॉफीच्या एका कपात साधारण ८० ते १०० आणि चहाच्या कपात ३० ते ५० मिलिग्रॅम असते, पण कपाचा आकार पाहून हिशेब करा. एकदम बंद केले तर काही दिवस डोके दुखू शकते, म्हणून दर दोन दिवसांनी एक कप कमी करा. रात्रीचे मद्य झोप लवकर आणते आणि उत्तररात्री मोडते. हे चार आठवडे ते बंदच ठेवलेले चांगले.

व्यायामाबद्दल एक आग्रह धरतो: हळू चालू करा. हिवाळाभर हालचाल कमी झालेली असते, स्नायू आणि दम दोन्ही उतरलेले असतात. पहिल्या छान दिवशी माणूस दहा किलोमीटर धावतो, पुढचे तीन दिवस अंग ठणकते आणि थकव्यावर थकवा चढतो. स्नायूंची ही दुखण साधारण २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वांत जास्त असते. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठाच्या २००८ मधल्या प्रयोगात सतत थकवा जाणवणाऱ्या, पण बैठी जीवनशैली असलेल्या तरुणांना सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, २० मिनिटे सायकल चालवायला दिली. हलक्या आणि मध्यम अशा दोन्ही गटांत उत्साह वाढला, मात्र थकवा जास्त घटला तो हलक्या गटात. प्रयोग लहान होता, तरी सुरुवात कुठून करावी हे त्यातून कळते. पहिला आठवडा: पाच दिवस, १५ ते २० मिनिटे चालणे, एवढ्या वेगाने की बोलता यावे पण गाता येऊ नये. दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवा. तिसऱ्या आठवड्यापासून दोन दिवस ताकदीचे व्यायाम: खुर्चीतून हात न टेकवता उठ-बस, ८ ते १० वेळा, दोन फेऱ्या, भिंतीला हात टेकवून दंड, तितकेच. पुढचे लक्ष्य जागतिक आरोग्य संघटनेचे, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम. हे चालणे सकाळीच केले की उजेडाचे कामही त्यातच होते.

याला एक अपवाद आहे आणि तो महत्त्वाचा आहे. एखाद्या संसर्गानंतर थकवा सुरू झाला असेल आणि थोड्या श्रमानंतरही दुसऱ्या दिवशी माणूस पार गळून जात असेल, तर व्यायाम वाढवू नका. अशा आजारात नेट लावून पुढे गेल्याने प्रकृती बिघडते. तिथे आधी निदान हवे.

हवा तापू लागली की त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब थोडा उतरतो. शरीराला उष्णतेशी जुळवून घ्यायला एक ते दोन आठवडे लागतात. निरोगी माणसाला याने थोडी मरगळ येते, ती निघून जाते. पण ज्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांचा डोस थंडीत ठरला आहे, त्यांना वसंतात तोच डोस जास्त होऊ शकतो, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी त्यात असेल तर. घरी असे मोजा: पाच मिनिटे आडवे पडून एकदा, मग उभे राहून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. उभे राहिल्यावर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरत असेल, किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर नोंदी घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. पाण्याचे म्हणाल तर लघवी फिकट पिवळी राहील इतके प्या. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पाणी आणि मीठ दोन्ही डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मर्यादेतच.

अ‍ॅलर्जीमुळे येणारा थकवा सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. नाक, डोळे, टाळू खाजतात, एकापाठोपाठ शिंका येतात, पाण्यासारखा पातळ शेंबूड वाहतो, ताप नसतो: हे परागकणांचे लक्षण. नाक चोंदले की तोंडाने श्वास, तोंडाने श्वास की तुटक झोप, आणि माणूस म्हणतो की ऋतू मानवत नाही. त्यावर घरातली जुनी सर्दीची गोळी घेतली तर आणखी भर पडते, कारण क्लोरफेनिरामिन आणि डायफेनहायड्रामिन मेंदूत शिरून गुंगी आणतात आणि रात्री घेतल्यास सकाळीही डोके जड ठेवतात. फेक्सोफेनाडिन आणि लोराटाडिन यांनी गुंगी क्वचित येते, सेटिरिझिनने काहींना येते. नाक चोंदण्यावर मात्र गोळीपेक्षा नाकातला स्टेरॉइड फवारा जास्त चालतो. तो रोज घ्यावा लागतो, पूर्ण परिणाम दिसायला दोन आठवड्यांपर्यंत लागू शकतात, म्हणून दरवर्षी त्रास होणाऱ्यांनी ऋतूच्या आधीच सुरू करावा. डोके किंचित पुढे झुकवा, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, नळीचे टोक मधल्या पडद्याकडे नव्हे तर बाहेरच्या बाजूला, आणि श्वास हलकाच ओढा. जोरात ओढले तर औषध घशात जाते. नाक मोकळे करणारे ऑक्सिमेटाझोलिन, झायलोमेटाझोलिनचे थेंब तीन ते पाच दिवसांच्या पुढे वापरले तर नाक उलट जास्त चोंदते.

संध्याकाळी घरी आल्यावर कपडे बदला, झोपण्याआधी केस धुवा, परागकण जास्त असतील त्या दिवशी कपडे आणि चादरी बाहेर वाळत घालू नका. मिठाच्या पाण्याने नाक धुण्याचाही चांगला उपयोग होतो: २४० मिलिलिटर पाणी, पाव ते अर्धा लहान चमचा आयोडीन नसलेले मीठ, चिमूटभर खाण्याचा सोडा. पाणी उकळून गार केलेले किंवा डिस्टिल्डच हवे. नळाचे पाणी तसेच नाकात घालणे क्वचित का होईना, पण जिवावर बेतू शकते, कारण त्यातला अमीबा नावाचा विशिष्ट सूक्ष्म जीव नाकातून मेंदूपर्यंत पोहोचतो.

खाण्याबद्दल फार लांबण लावत नाही. या दिवसांत ‘शरीरशुद्धी’च्या नावाखाली रसांवर राहणे किंवा जेवण निम्मे करणे हे थकव्याचे कारण आहे, उपाय नाही. यकृत आणि मूत्रपिंड हे काम बारमाही करतात. सकाळच्या खाण्यात २० ते ३० ग्रॅम प्रथिने असू द्या. दोन अंड्यांत सुमारे १२, वाटीभर (१५० ग्रॅम) शिजवलेल्या मसुरीत सुमारे १३ ग्रॅम. दुपारचे जेवण बेताचे घ्या आणि नंतर दहा मिनिटे चाला. दुपारी एक ते तीनच्या दरम्यान जाग थोडी मंदावतेच, जड जेवणाने ती आणखी मंदावते.

हिवाळ्याअखेर ‘ड’ जीवनसत्त्व सर्वांत खाली असते हे खरे, पण ते कमी नसताना गोळ्या घेऊन उत्साह वाढत नाही. लोहाचेही तेच, आणि इथे लोक दोन्ही बाजूंनी चुकतात. काही जण तपासणीविना महिनोन्‌महिने लोह घेतात. काहींचे हिमोग्लोबिन ‘बरोबर’ आले म्हणून लोहाची कमतरता निसटते. हिमोग्लोबिन घसरण्याच्या आधी साठा रिकामा होतो, म्हणून फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारी रक्ततपासणी) मागा. ते ३० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल आणि थकवा असेल तर बरेच डॉक्टर लोह देतात. संसर्ग किंवा सूज असताना फेरिटिन खोटे वाढलेले दिसते, तेव्हा ती तपासणी बरे झाल्यावर करा. लोहाची गोळी चहा-कॉफी आणि कॅल्शियमपासून किमान तासभर दूर, शक्यतो ‘क’ जीवनसत्त्वाच्या पदार्थासोबत. पोटाला त्रास होत असेल तर एक दिवसाआड घेण्याबद्दल विचारा. तसे घेतल्यास प्रत्येक गोळीतले लोह जास्त प्रमाणात शोषले जाते.

तीन-चार आठवडे हे सगळे नीट पाळूनही फरक नसेल तर संपूर्ण रक्तगणना, फेरिटिन, टीएसएच (थायरॉईडसाठी), एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांतली सरासरी साखर), मूत्रपिंड-यकृताच्या चाचण्या कराव्या. शाकाहारी असाल किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी घेत असाल तर बी१२ जीवनसत्त्वही. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर ते थांबवून किमान दोन दिवसांनी रक्त द्या, नाहीतर थायरॉईडचे आकडे चुकू शकतात. वजन आपोआप घटणे, रात्री घामाने कपडे भिजणे, धाप, छातीत दुखणे, काळी शौच, मासिक पाळीत खूप रक्तस्राव, सतत तहान, मानेत किंवा काखेत गाठी: यांपैकी काही असेल तर चार आठवडे थांबायचे नाही.

मनाबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटते, कशातच रस राहिलेला नाही, तर तो ऋतूचा आळस समजू नका. अनेक देशांत आत्महत्यांचे प्रमाण हिवाळ्यात नव्हे तर वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला जास्त असते, हे एकोणिसाव्या शतकापासून नोंदले गेले आहे. जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार आला तर त्याच दिवशी जवळच्या माणसाला सांगा आणि तातडीची मदत घ्या. उलट टोकाचेही लक्षात ठेवा: तीन-चार तासांची झोप पुरते, बोलणे आणि खर्च आवरत नाही, डोक्यात कल्पनांची गर्दी आहे, तर ते थकवा गेल्याचे लक्षण नसून डॉक्टरांना लगेच दाखवायची वेळ आहे.

आजपासून दोन आठवडे रोज एक ओळ लिहा: झोपलो किती वाजता, उठलो किती वाजता, सकाळी बाहेर किती मिनिटे, शेवटचा चहा-कॉफीचा कप कधी, शिंका-नाक कसे, आणि सकाळ, दुपार, संध्याकाळ थकवा ० ते १० पैकी किती. सवयी एकदम सगळ्या बदलू नका. पहिल्या आठवड्यात उजेड आणि उठण्याची वेळ, दुसऱ्यात कॅफिन आणि चालणे. म्हणजे कशाने फरक पडला ते नोंदीत दिसेल. डॉक्टरांकडे जायची वेळ आलीच तर ही वही आणि घेत असलेल्या सगळ्या औषधांची यादी सोबत न्या. त्या यादीत चिठ्ठीशिवाय घेतलेल्या सर्दीच्या आणि झोपेच्या गोळ्याही लिहा.